‘तुमच्या शब्दांत लिहा’ म्हणजे नेमके काय शिकवायचे?

वाचकांच्या प्रश्नांच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: विद्यार्थ्यांना वाचलेला मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडायला कसे शिकवावे? लिहिणाऱ्यांमध्ये शाळेतील आणि महाविद्यालयातील शिक्षक आहेत, तसेच पालकही आहेत. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी राखून ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. ‘उताऱ्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न घातला की बहुतेक मुले मूळ वाक्ये समोर ठेवतात आणि त्यांतील दोन-चार शब्द बदलून तीच वाक्ये पुन्हा लिहितात. समानार्थी शब्दांचा सराव मी भरपूर घेतला, तरी फरक पडत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : समानार्थी शब्दांचा सराव शब्दसंग्रह वाढवण्यासाठी उपयोगी आहेच, पण या कामाची सुरुवात तेथून केली की मुलांची अशी समजूत होते की, वाक्य आहे तसेच ठेवायचे आणि त्यातले शब्द तेवढे काढून दुसरे बसवायचे. असे केल्यास उताऱ्याचा अर्थ मुळीच न लावता उत्तर पूर्ण करता येते, आणि आपल्याला तर तीच पळवाट बंद करायची आहे. आशय स्वतःच्या शब्दांत मांडणे हे आधी वाचनाचे काम आहे आणि मग लेखनाचे. ज्याला उतारा कळला नाही, त्याच्याजवळ मूळ शब्दांना धरून राहण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. म्हणून त्याला ‘शब्द बदल’ असे सांगणे म्हणजे त्याची खरी अडचण तशीच ठेवून वरवरची खूण तेवढी पुसायला सांगणे होय.

एक उतारा घेऊन हे जवळून पाहू.

‘बर्फ पाण्यावर तरंगतो, कारण पाणी गोठताना त्याचे रेणू एकमेकांपासून ठरावीक अंतर राखणारी जाळीदार रचना करतात आणि त्यामुळे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. थंड प्रदेशांतील खोल तळी वरून गोठतात. पृष्ठभागावरील बर्फाचा थर खालच्या पाण्याची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तळाशी सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी द्रवरूपातच राहते आणि मासे हिवाळाभर जगू शकतात.’

शब्द बदलण्याची सवय लागलेले मूल यातले पहिले वाक्य साधारण असे लिहील: ‘हिम जलावर तरंगते, कारण जल गोठताना त्याचे कण परस्परांपासून निश्चित अंतर ठेवणारी जाळीसारखी बांधणी करतात आणि त्यामुळे त्याचे वजन सुमारे ९ टक्क्यांनी वाढते.’ वाक्याचा सांगाडा मूळचाच आहे, कारण-परिणामाचा क्रम मूळचाच आहे, ‘आणि त्यामुळे’ हा सांधादेखील मूळचाच आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ‘आकारमान’ या शब्दाच्या जागी ‘वजन’ आल्यामुळे वाक्य खोटे झाले आहे. पाणी गोठल्याने त्याचे वजन वाढत नाही. तेवढ्याच वजनाचे पाणी अधिक जागा व्यापते, आणि बर्फ तरंगण्याचे कारण नेमके हेच आहे. ‘रेणू’ या निश्चित अर्थाच्या शब्दाऐवजी आलेला ‘कण’ हाही ढिला शब्द आहे. म्हणजे जे बदलायला हवे होते ते तसेच राहिले आणि जे जपायला हवे होते ते बदलले. हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांनाच त्यातली चूक शोधायला लावावी. माझ्या मते अनेक सूचनांनी होणार नाही इतका परिणाम या एका शोधाने होतो.

आता अर्थ समजलेल्या मुलाचे लेखन कसे असू शकेल ते पाहावे: ‘कडाक्याच्या थंडीतही खोल तळ्यांतले मासे मरत नाहीत, कारण तळ्याचे सगळे पाणी गोठत नाही. गोठलेल्या पाण्यातील रेणू जाळीसारखे मांडले जातात आणि तेवढ्याच पाण्याला सुमारे ९ टक्के जास्त जागा लागते. त्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा हलका ठरून वरच राहतो. हा वरचा थर पांघरुणासारखा काम करतो आणि त्याच्याखाली, तळाजवळ, ४ अंशांच्या आसपास तापमान असलेले पाणी टिकून राहते.’ येथे सुरुवात माशांपासून झाली आहे, म्हणजे मूळ उताऱ्याचा शेवट येथे आरंभी आला आहे. ‘आकारमान वाढते’ याचे ‘जास्त जागा लागते’ असे झाले आहे. ‘रेणू’, ९ टक्के आणि ४ अंश मात्र जागच्या जागी आहेत.

हे मुलांकडून करवून घेण्यासाठी वर्गात पुढील क्रम ठेवावा, असे मी सुचवीन. उतारा दोनदा वाचू द्यावा. दुसऱ्या वाचनाच्या वेळी समासात प्रत्येक वाक्यासमोर ते वाक्य काय काम करते आहे एवढेच लिहायला सांगावे: येथे कारण सांगितले आहे, येथे परिणाम, येथे उदाहरण, येथे अपवाद. त्यानंतर पुस्तक मिटायला लावावे आणि शेजारच्या मुलाला उतारा तोंडी सांगायला लावावा. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे काय?’ आणि ‘ते कशामुळे?’ हे दोनच प्रश्न विचारायचे. मग पुस्तक मिटलेलेच ठेवून लेखन करायचे आणि ते पूर्ण झाल्यावरच पुस्तक उघडून ताडून पाहायचे.

पुस्तक मिटण्यामागे भक्कम कारण आहे. जॅकलिन सॅक्स या संशोधिकेने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना उतारे ऐकवले आणि त्यांतील एखादे वाक्य मूळ रूपात किंवा किंचित बदलून त्यांच्यापुढे पुन्हा ठेवले. वाक्य नुकतेच ऐकलेले असताना त्याच्या रचनेतला बदलही त्यांना ओळखता येत होता. पण मध्ये सुमारे ८० अक्षरांचा मजकूर गेला, की रचना बदलली आहे की नाही हे त्यांना जेमतेम अंदाजानेच सांगता येई, अर्थ बदललेला असल्यास मात्र तो चटकन ध्यानात येई. माणसाचे मन वाक्याची ठेवण लवकर सोडून देते आणि अर्थ धरून ठेवते. उतारा डोळ्यांसमोर उघडा ठेवून आपण मुलांना या स्वाभाविक मदतीला मुकवतो. तो मिटला की मूळ वाक्यरचना आपोआप मागे पडते आणि जे समजले आहे तेच हाताशी उरते. काहीच उरले नसेल, तर तेही मुलाच्या लगेच लक्षात येते आणि ते पुन्हा वाचायला वळते.

आधी तोंडी आणि मग लेखी हा क्रम फार जुना आहे. पहिल्या शतकातील रोमन अध्यापक क्विंटिलियन यांनी लहान विद्यार्थ्यांसाठी असे सांगून ठेवले आहे की, इसापच्या गोष्टी त्यांनी प्रथम साध्या, शुद्ध भाषेत तोंडाने सांगाव्यात आणि नंतर तशाच साधेपणाने लिहून काढाव्यात. पद्य असेल तर आधी ते मोडून घ्यावे, मग शब्द बदलून अर्थ लावावा, आणि त्यानंतरच अधिक मोकळेपणाने, कोठे आटोपते घेत तर कोठे फुलवत, पण कवीचा आशय राखून लिहावे. हे काम मुरलेल्या अध्यापकांनाही अवघड आहे आणि ज्याला ते नीट जमले तो पुढे काहीही शिकू शकेल, असेही ते म्हणतात. आपली मुले अडखळतात तेव्हा आपण त्यांना आळशी ठरवण्याआधी हे आठवावे.

व्याकरणाचा उपयोग यानंतर येतो, आणि तो मोठा आहे. वाक्यरूपांतराचे जे धडे मुले गुणांपुरते गिरवतात, ते येथे खऱ्या कामाला लावता येतात. ‘कारण’ने जोडलेले वाक्य ‘म्हणून’ने जोडून पाहावे, म्हणजे परिणाम आणि कारण यांची जागा बदलते. ‘आकारमानात वाढ होते’, ‘तापमानात घट होते’ अशा नामांवर उभ्या असलेल्या वाक्यांत क्रियापद पुढे आणून ‘फुगते’, ‘थंड होते’ असे करून पाहावे. पुस्तकी मराठीतील निम्मे ओझे एवढ्यानेच उतरते. लांब मिश्रवाक्य तोडून दोन वाक्ये करावीत किंवा दोन तुटक वाक्ये सांधावीत. कर्मणी प्रयोगातील वाक्यात कर्ता कोण आहे हे शोधून त्याला पुढे आणावे. पण हे सर्व अर्थ हाती आल्यावरचे काम आहे. नुसत्या रूपांतराचा सराव अर्थाशिवाय घेतला, तर तोही समानार्थी शब्दांच्या वाटेनेच जाईल.

प्रश्न : माझी मुलगी उतारा स्वतःच्या शब्दांत लिहिते तेव्हा कधी तो अर्ध्यावर येतो, तर कधी त्यात तिची स्वतःची मते मिसळतात. शिक्षक म्हणतात, ‘हा सारांश झाला’ किंवा ‘हे तुझे मत झाले’. घरी तिला हा फरक कसा समजावून सांगावा?

उत्तर : सारांश लिहिताना मुख्य तेवढे ठेवून बाकीचे गाळण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला असतो. स्वतःच्या शब्दांत मांडणी करताना तो नसतो: मूळ लेखकाने जेवढे मुद्दे सांगितले तेवढे सगळे यायला हवेत, आणि म्हणून लांबी बहुधा मुळाइतकीच, कधी थोडी अधिकही होते. मत कितीही योग्य असले तरी त्याला येथे जागा नाही. ते पुढच्या परिच्छेदात, ‘मला असे वाटते’ असे म्हणून लिहावे. मुलीला मूळ उताऱ्यातील मुद्द्यांना क्रमांक द्यायला सांगा आणि तिच्या लेखनातही तेच क्रमांक शोधायला सांगा. एखादा क्रमांक सापडला नाही तर काही गळले आहे, आणि क्रमांक नसलेले वाक्य सापडले तर काही बाहेरून आले आहे.

मुद्दे सगळे येऊनही एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे लेखकाने किती खात्रीने विधान केले आहे. ‘काही पक्ष्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जाणीव होत असावी, असे प्रयोगांवरून दिसते’ या वाक्याचे मुले सहज ‘पक्षी चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतात’ असे करून टाकतात. ‘काही’ गेले, ‘असावी’ गेले, ‘प्रयोगांवरून’ गेले, आणि सावधपणे मांडलेले निरीक्षण सर्व पक्ष्यांना लागू असलेले ठाम सत्य होऊन बसले. शिवाय मूळ वाक्य केवळ जाणिवेबद्दल बोलत होते. दिशा ओळखण्याची गोष्ट लिहिणाऱ्याने आपल्या पदरची घातली आहे. ‘काही’, ‘बहुधा’, ‘सहसा’, ‘क्वचित’, ‘असावे’ हे शब्द दिसायला लहान असले तरी त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ ओढण्याची सवय तिला लावा.

प्रश्न : मी पदवीच्या वर्गांना शिकवतो. प्रकल्प-अहवालांत विद्यार्थी वेगवेगळ्या ठिकाणची वाक्ये उचलतात, त्यांत थोडेफार शब्द बदलतात आणि ती एकापुढे एक जोडून देतात. विचारले तर ‘आम्ही पॅराफ्रेज केले आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतात. हे वाङ्मयचौर्य समजून गुण शून्य करावेत का?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या लेखनाचा अभ्यास झालेला आहे. लेखनशिक्षणाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात अशा ठिगळे जोडून केलेल्या लेखनाकडे लक्ष वेधले आणि असे मांडले की, अपरिचित विषयाच्या भाषेत शिरू पाहणारा नवशिका लेखक बहुधा या टप्प्यातून जातोच. त्यामागे दर वेळी फसवण्याचा हेतू असतो असे मानू नये. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे १८ निबंध त्यांच्या मूळ स्रोतांशी ताडून पाहिले होते. त्यांपैकी एकाही निबंधात स्रोताचा खराखुरा सारांश आढळला नाही. विद्यार्थी लेख वाचून त्यावरून लिहीत नव्हते, तर लेखातील सुटी सुटी वाक्ये घेऊन त्यांवरून लिहीत होते. आपल्या विद्यार्थ्यांचेही असेच होत असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

मानसशास्त्रज्ञ मिगेल रोइग यांच्या अभ्यासांनी याला आणखी एक बाजू जोडली. विद्यार्थ्यांना दिलेला उतारा वाचायला कठीण असला, तर मूळ शब्दमालिका तशाच उचलण्याचे प्रमाण वाढते आणि तो सोपा असला तर कमी होते, असे त्यांना १९९९ च्या अभ्यासात दिसले. पुढे त्यांनी प्राध्यापकांनाही कठीण उतारा स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगितला, तेव्हा त्यांच्यातील काहींनीही मुळातले शब्द तसेच घेतले होते. मजकूर आवाक्याबाहेरचा असला, की अनुभवी माणूसही त्याच्या शब्दांना चिकटतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, स्रोताचा उल्लेख केलेला असून मांडणी तेवढी मुळाच्या फार जवळ गेली असेल, तर पहिल्या वेळी शिक्षा न करता ते लेखन परत द्यावे आणि तोच परिच्छेद विद्यार्थ्याला समोर बसवून पुन्हा लिहून घ्यावा. स्रोतच दडवला असेल, तर मात्र तो वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठी आपल्या संस्थेचे नियम लागू करावेत. शब्द सगळे बदलले म्हणजे स्रोत सांगण्याची गरज उरत नाही, हा गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये फार पसरलेला आहे. तो सत्राच्या पहिल्याच आठवड्यात दूर करावा. कल्पना, निष्कर्ष, आकडेवारी दुसऱ्याची असेल तर भाषा पूर्णपणे आपली असूनही त्याचे नाव द्यावेच लागते. आणि ते परिच्छेदाच्या अखेरीस कंसात टाकून भागत नाही, कारण परिच्छेदातला किती भाग त्याचा आणि किती आपला, हे वाचणाऱ्याला त्यावरून कळत नाही. ‘अमुक अभ्यासकांच्या मते’ असे म्हणून सुरुवात करावी आणि आपले विवेचन सुरू होते तेथे ‘यावरून मला असे वाटते’ अशी उघड खूण ठेवावी. आपल्या बाजूने एक पथ्य पाळावे: ज्या विद्यार्थ्याला एखादा लेख वाचून समजत नाही, त्याला तो लेख स्वतःच्या शब्दांत मांडायला देऊ नये. आधी वर्गात त्या विषयाची ओळख करून द्यावी, नाहीतर सोपा लेख निवडावा.

प्रश्न : व्याख्या, कायद्यातील कलमे किंवा कवितेच्या ओळी यांचेही असेच करायचे का? विद्यार्थी हे नेहमी विचारतात.

उत्तर : जेथे नेमका शब्दच महत्त्वाचा असतो, तेथे अवतरणचिन्हांत मूळ शब्द द्यावेत आणि पुढे स्पष्टीकरण स्वतःच्या भाषेत करावे. कायद्यात ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत बंधन आणि मुभा एवढे अंतर असते. ते एका मोकळ्या वाक्यात पुसले जाते. कवितेबाबत मी थोडा अधिक आग्रही आहे. जुन्या पाठशाळांत श्लोकाचा आधी अन्वय लावत, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडून घेत, आणि मग अर्थ सांगत. ही चांगली रीत आहे आणि मुलांनी ती अवश्य करावी, परंतु तेथे थांबू नये. अन्वयाने ओळ कळते. ती ओळ तशीच का लिहिली हे कळण्यासाठी पुन्हा मूळ ओळीकडे यावे लागते. ‘कवितेचा सरळ अर्थ’ लिहून कविता संपली असे मुलांना वाटू देऊ नये.

प्रश्न : आमचे विद्यार्थी बरेचसे साहित्य इंग्रजीत वाचतात आणि मराठीत लिहितात. भाषाच बदलल्यामुळे ते आपोआप ‘स्वतःच्या शब्दांत’ झाले, असे त्यांना वाटते. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वाक्यामागून वाक्य घेऊन त्याचे मराठी केले तर ते भाषांतर होते. मुद्द्यांचा क्रम, उदाहरणांची निवड, परिच्छेदांची बांधणी हे सर्व मूळ लेखकाचेच राहते, आणि त्याचे नाव न दिल्यास ती उचलेगिरीच ठरते. शिवाय अशा लेखनात मराठीचीही ओढाताण होते: वाक्ये लांबलचक होतात, ‘जो की’, ‘ज्यामध्ये’ अशा जोडण्या ठायीठायी येतात आणि विद्यार्थ्याला विषय कळला आहे की नाही, हे तपासणाऱ्याला समजत नाही.

दोन भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याजवळ खरे तर एक चांगले साधन असते. इंग्रजी लेख वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवावा आणि त्यातील विचार मराठीत, एखाद्या मित्राला समजावून सांगावा तसा, मोठ्याने बोलून पाहावा. ज्या शब्दापाशी अडखळायला होते, तेथे बहुधा संकल्पनाच नीट समजलेली नसते. तेवढ्यापुरते मूळ लेखाकडे जावे, समजून घ्यावे आणि पुन्हा बोलायला लागावे. लिहायला बसण्याआधी हे एकदा केले तरी भाषांतराचा वास बराच कमी होतो.

प्रश्न : मजकूर घातला की दुसऱ्या शब्दांत करून देणारी साधने आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. अशा काळात हे कौशल्य शिकवण्यात वेळ घालवावा का?

उत्तर : घालवावा, आणि पूर्वीपेक्षा जास्त घालवावा. या साधनांच्या वापरातून काय होऊ शकते, याचा एक बोलका पुरावा विज्ञानाच्या जगातच सापडला. २०२१ मध्ये गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत अत्यंत चमत्कारिक शब्दप्रयोग आढळल्याचे दाखवून दिले. इंग्रजीतील ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या रूढ संज्ञेच्या जागी ‘बनावट जाणीव’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि ‘स्तनाचा कर्करोग’ याच्या जागी ‘उराचे संकट’ अशा अर्थाचे. नक्कल पकडणाऱ्या प्रणालींना चकवण्यासाठी यंत्राकडून शब्द बदलून घेतल्याची ही लक्षणे होती. यंत्राने संज्ञेला साधा शब्द समजून तिचा समानार्थी शोधला, आणि ज्याच्या नावावर निबंध छापला गेला त्याला ते खटकलेही नाही. वर पहिल्या उत्तरात ‘आकारमाना’चे ‘वजन’ झाले, तोच हा दोष आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

नवी साधने याहून कितीतरी सफाईदार आहेत आणि त्यांचे लेखन सहसा असे उघडे पडत नाही, हे खरे आहे. पण त्यामुळे माझे मत बदलत नाही. यंत्राने दिलेला मजकूर मुळाशी प्रामाणिक आहे की नाही, त्यातला ‘बहुधा’ गळला आहे का, कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे का, हे कोणी तरी वाचून ठरवायचेच असते, आणि ते ठरवण्याची ताकद हे काम स्वतः करूनच येते. मुलांकडून हे काम काढून घेतले, तर वाचलेले समजले की नाही हे पाहण्याचा त्यांचा स्वतःचा मार्गच आपण बंद करू. ज्यांना ही साधने वर्गात आणायची आहेत त्यांनी ती तपासणीसाठी आणावीत: विद्यार्थ्याने आधी स्वतः लिहावे, मग त्याच उताऱ्याचे यंत्राने केलेले रूप शेजारी ठेवावे आणि दोन्हींत मुळाच्या तुलनेत कोठे काय हलले आहे ते लाल शाईने दाखवावे.

प्रश्न : वर्ग मोठा आहे. प्रत्येकाचे लेखन मुळाशी ताडून तपासणे एकट्याने शक्य होत नाही. गुण कसे द्यावेत आणि सराव किती घ्यावा?

उत्तर : तपासताना तीनच गोष्टी पाहाव्यात: अर्थ पूर्ण आणि बरोबर आला आहे का, वाक्यांची बांधणी विद्यार्थ्याची स्वतःची आहे का आणि स्रोत सांगितला आहे का. त्यांत पहिल्या गोष्टीला निम्म्याहून अधिक गुण ठेवावेत. भाषेच्या डौलाला येथे गुण देऊ नयेत. साधे पण अचूक लिहिणारे मूल अलंकारिक पण चुकीचे लिहिणाऱ्या मुलाच्या मागे पडता कामा नये. ‘सलग इतके शब्द सारखे आले तर नक्कल’ असे मोजमाप काही जण लावतात. ते मला फारसे पटत नाही, कारण मुले मग शब्द मोजत बसतात आणि दर तिसऱ्या-चौथ्या शब्दावर एक बदल करून मोकळी होतात.

मोठ्या वर्गात पहिले काही तास मुलांकडून लिहून घेऊच नये. एका उताऱ्याची आपणच तयार केलेली तीन रूपे द्यावीत. त्यांपैकी एक मुळाला चिकटलेले असावे, एक अर्थ बदललेले आणि एक चांगले. कोणते कसे आहे आणि कशावरून, हे मुलांनी जोडीने ठरवावे. दोष ओळखता येऊ लागले की लेखन सुरू करावे आणि पहिली तपासणी मुलांनी एकमेकांची करावी: तपासणाऱ्याने मूळ उतारा न पाहता मित्राचे लेखन वाचायचे, त्यावरून काय कळले ते सांगायचे आणि मग मूळ उघडून दोघांनी मिळून पाहायचे. आपल्याकडे येणाऱ्या वह्यांतील बऱ्याच चुका अशाने आधीच दुरुस्त झालेल्या असतात. ज्या वहीबद्दल शंका वाटेल, त्या विद्यार्थ्याला जवळ बोलावून तोच मुद्दा तोंडी समजावून सांगायला सांगावे. दोन मिनिटांत काय ते कळते आणि आरोप करण्याची वेळ येत नाही.

सरावासाठी आठवड्याला पाच-सहा वाक्यांचा एक परिच्छेद पुरे आहे. सत्राच्या शेवटी एकदम भरगच्च सराव घेण्यापेक्षा हा थोडा थोडा सराव चालू ठेवावा. उतारे केवळ भाषेच्या पुस्तकातून घेऊ नयेत. त्या आठवड्यात विज्ञानाचे किंवा इतिहासाचे शिक्षक जो धडा शिकवत आहेत, त्यातलाच परिच्छेद त्यांच्याशी बोलून निवडावा, म्हणजे अर्थ बरोबर आहे की नाही हे पाहायला त्यांची मदत मिळेल आणि तो धडाही मुलांचा पक्का होईल.